अर्जावर बसलेले तात्या

घर बांधायचं ठरलं की माणूस आधी गवंड्याकडे जातो, मग सुताराकडे, मग मुहूर्त बघायला भटजींकडे. भिंती छातीइतक्या वर आल्या आणि शेजाऱ्यानं हरकत घेतली, की मग तो ग्रामसेवकाकडे येतो आणि विचारतो, "भाऊसाहेब, ते परवानगीचं काय असतंय म्हनं?" माझ्या साऱ्या नोकरीत हा क्रम मोडलेला मी एकदाच पाहिला. मुळशी तालुक्यातल्या अनसाबाई सगळ्यांच्या आधी माझ्याकडे आल्या. त्यांची गोष्ट सांगायला मी इतकी वर्षं थांबलो, कारण तीत मी जे केलं ते नोकरीत असताना सांगण्यासारखं नव्हतं. आता पेन्शन सुरू आहे, ती काही कुणी बंद करत नाही.

साठ सालानंतरचा काळ. ग्रामपंचायतींना नुकतेच नवे अधिकार मिळाले होते आणि मला नुकतीच नोकरी. पौडला तालुक्याची कचेरी, आणि पिरंगुटपासून सायकलीच्या टप्प्यावर माझं गाव. गावाचं नाव सांगत नाही. तिथं नातवंडं-पतवंडं नांदताहेत, आणि मला अजून त्या बाजूला लग्नकार्याला जावं लागतं. मी जुन्नरकडचा, वय तेवीस, नोकरी अजून कायम व्हायची होती. कायद्याचं पुस्तक मी उशाशी घेऊन झोपत असे. गावानं माझं नाव कधी विचारलंच नाही. ग्रामसेवक म्हणजे भाऊसाहेब, विषय संपला.

शहरातल्या वाचकांसाठी धंद्याचं गुपित आधी उघड करतो. खेड्यात जमीन दोन जातींची. एक गावठाण, म्हणजे जिथं पूर्वीपासून घरं आहेत तो भाग. दुसरी शेतीची. गावठाणात घर बांधायचं तर पंचायतीची परवानगी. शेतात बांधायचं तर ती जमीन आधी बिनशेती करून घ्यायची, आणि त्यासाठी पौडच्या कचेरीचे उंबरे झिजवायचे. शेतात गोठा घाला, आऊतं ठेवायला खोपी घाला, कुणी काही म्हणत नाही. पण त्या खोपीत पाळणा टांगलात की कायदा जागा होतो. आमच्या गावात एकाचं घर नेमकं दोन्हींच्या सीमेवर आलं होतं. चूल गावठाणात, न्हाणी शेतात. तो माणूस जेवायचा पंचायतीच्या हद्दीत आणि अंघोळ करायचा मामलेदाराच्या. हे मी त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी मामलेदाराला इचारल्याबिगर मला अंघुळ कराया बंदी?" यावर माझ्या पुस्तकात उत्तर नव्हतं.

दुसरं गुपित पागोळीचं. मुळशीचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला हे पटणार नाही, पण तिथली निम्मी भांडणं जमिनीची नसतात, छपरावरून गळणाऱ्या पाण्याची असतात. आपल्या छपराचं पाणी आपल्याच जागेत पडलं पाहिजे. ते शेजाऱ्याच्या भिंतीवर पडलं तर चार महिन्यांत त्याची भिंत खाली बसते आणि मग दोन पिढ्या बोलणं बंद. म्हणून कुणी घर आखायला लागला की मी म्हणायचो, भिंत बघू नका, आधी पागोळी बघा. हे वाक्य माझं स्वतःचं आहे, पुस्तकातलं नाही, आणि त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

तिसरं गुपित मात्र सगळ्यांत गोड. पंचायतीकडे घराचा अर्ज आला आणि पंचायतीनं दोन महिन्यांत हो की नाही काहीच कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असंच समजायचं. सोयरिकीत निरोप आला नाही म्हणजे नकार, हे गावाला ठाऊक होतं. कायद्यात निरोप आला नाही म्हणजे होकार, हे गावाला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं मला एकट्याला, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून अनसाबाईंना.

त्या दिवशी त्या अर्ज घेऊन पंचायतीच्या खोलीत आल्या, तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि उभ्या राहिल्या. तिशी ओलांडलेली, काटक, नाकात चमकी, बोलणं तोडून टाकल्यासारखं. नवरा मुंबईला गोदीत कामाला होता, वर्षातून दोनदा यायचा. घराची जागा सासऱ्यानं मरण्याआधी लेकाला डावलून सुनेच्या नावावर केली होती. लेकाचा भरवसा नव्हता, सुनेचा होता. मागल्या पावसाळ्यात घराची मागची भिंत खचली, तिच्यामागं छप्पर आलं. उरलं फक्त जोतं, म्हणजे दगडी बांधणीचा उंचवटा, ज्यावर घर उभं असतं तेवढंच. त्या जोत्याच्या कडेला चार खांबांवर गवताचा मांडव घालून अनसाबाई दोन लेकींना आणि एका गाईला घेऊन राहत होत्या.

"जुन्याच जोत्यावर घर उबं करायचंय," त्या म्हणाल्या. "तरीबी अर्ज लागंल?"

"लागेल," मी म्हणालो. "जोतं जुनं असलं तरी घर नवं."

"मंग घ्या. आनि पोच द्या."

मी चकित झालो. त्या गावात तोवर माझ्याकडे कुणी पोच मागितली नव्हती. मी खूश होऊन पोच लिहून दिली, शिक्का मारला आणि उत्साहाच्या भरात दोन महिन्यांचा नियमही सांगून टाकला. त्यांनी तो दोनदा म्हणायला लावला.

"म्हंजी धुळवडीपत्तुर," बोटांवर मोजून त्या म्हणाल्या.

मी पंचांग काढलं. त्या वर्षी दोन महिन्यांचा शेवटचा दिवस खरोखरच धुळवडीला येत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मांडवाच्या खांबावर कोळशाची एकेक रेघ उमटायला लागली. मी विचारलं तर म्हणाल्या, "कागुद हरवंल. खांब कुटं जातोय?"

आता सरपंचांकडे वळतो. कोंडिबा तात्या हे अनसाबाईंचे चुलत दीर आणि लगतचे शेजारी. अंगानं आडवे, मिशा भरघोस, आवाज असा की शेतातून हाक मारली तर चावडीतला माणूस उठून उभा राहावा. माणूस वाईट नव्हता. गावात कुणाचा बैल अडला तर आधी तात्या धावत. पण अनसाबाईंचं घर पडल्यापासून त्यांची बैलगाडी त्या मोकळ्या जागेतून थेट परसात जायला लागली होती. पूर्वी गाडी रस्त्यावर सोडून गवताचे भारे डोक्यावरून आत न्यावे लागत. सहा महिन्यांत तात्यांच्या डोक्याला त्या सुखाची सवय झाली होती.

मी अर्ज पुढे ठेवला तेव्हा तात्या गादीवर बसले होते. त्यांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि गादीचा कोपरा उचलून खाली सारला. मग नीट सरकून त्यावर बसले.

"तात्या, सभेपुढे ठेवायला हवा," मी म्हणालो.

"ठिवू की. घाई काय हाय?"

"दोन महिन्यांत काही कळवलं नाही तर परवानगी दिली असंच होतं."

तात्या एवढे हसले की गादी हलली. "भाऊसाहेब, मी बसलोय न्हवं त्याच्यावर? माज्या बुडाखालनं कागुद कुटं जातोय? मी काय बोललोच न्हाई, तर परवानगी कुनी दिली?"

हे मी त्यांना माघात पुन्हा सांगितलं, फाल्गुन लागल्यावर पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा ते हसले. मात्र त्यानंतरच्या खेपेला मी पुस्तकच घेऊन गेलो आणि ते कलम मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता तात्यांचं हसू मिशीत विरत गेलं. "म्हंजी मी गप बसलो तर हो म्हनल्यागत व्हतंय?"

"होय."

"ह्यो कायदा कुना गप्प बसनाऱ्या मानसानं केलेला दिसतोय," तात्या म्हणाले आणि ताडकन उठले.

सभेची नोटीस रीतसर काढली. दवंडी पिटली गेली. त्यामुळे तात्यांचा बेत सगळ्या गावाला आणि मांडवातल्या अनसाबाईंना एकाच वेळी कळला. सभा भरली होळीच्या दिवशी दुपारी. सात सदस्यांपैकी एक मुंबईला, उरले सहा. तिघे म्हणाले, बाईमाणूस पोरी घेऊन उघड्यावर आहे, बांधू द्या. तात्यांसह तिघे म्हणाले, नको. सरपंच म्हणून तात्यांचं जादा मत पडलं आणि अर्ज फेटाळला गेला.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"लिवा, माजी गाडी जात न्हाई."

"तसं नाही लिहिता येत."

बऱ्याच चर्चेनंतर 'वहिवाटीच्या वाटेस अडथळा' असं लिहिलं. आठ महिन्यांच्या वहिवाटीला वहिवाट म्हणतात का, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. नोकरी कायम व्हायची होती. अनसाबाईंच्या नावे कागद तयार केला, सही-शिक्का केला, तोवर होळी पेटवायची वेळ झाली. मी म्हणालो, आत्ताच नेऊन देतो. तात्यांनी माझा हात धरला.

"सनाच्या दिशी बाईमानसाच्या हातात असला कागुद दिऊ नये, भाऊसाहेब. पोळी गिळंल का तिला? उद्या सकाळच्याला द्या. ती कुटं जातीया?"

तात्यांचा हा चांगुलपणाच त्यांना नडला, हे मी आजही शपथेवर सांगेन.

धुळवडीच्या सकाळी कागद सदऱ्याच्या वरच्या खिशात घालून मी तात्यांबरोबर मांडवात गेलो. गाय होती, दोन कोंबड्या होत्या, खांबावर कोळशाच्या रेघा होत्या. अनसाबाई नव्हत्या. दोघी लेकी चिखल कालवत बसल्या होत्या.

"आय कुटं हाय गं?" तात्यांनी विचारलं.

"मामाच्या गावाला," दोघी एका सुरात म्हणाल्या. शाळेत पाढे म्हणतात तशा.

तात्या विचारात पडले. "दाराला डकवा कागुद. मानूस भेटलं न्हाई तर डकवत्यात न्हवं?"

"डकवतात. पण दार कुठाय?"

तात्यांनी चारी बाजूंना पाहिलं. चार खांब, वर गवत. दार असतं तर अर्ज कशाला आला असता? मग त्यांनी गाईकडे पाहिलं, आणि मी घाईनं म्हणालो, "गाईला नाही डकवता येत."

अनसाबाईंचं माहेर नांदे गावात. तात्या माझ्या सायकलीच्या मागच्या सीटवर बसले. बसले म्हणण्यापेक्षा कोसळले म्हणावं, कारण सायकलचं मागचं चाक जमिनीत चार बोटं गेलं. निघालो. आणि इथं आमच्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. आपल्या गावात सरपंच म्हणजे सरपंच, त्याच्यावर धुळवडीला कुणी चिखल टाकत नाही. पण पहिल्याच वाडीच्या वेशीवर पोरांनी आम्हाला सायकलवरून येताना पाहिलं तेव्हा त्यांना सरपंच दिसला नाही. त्यांना दिसला पांढऱ्या धोतरातला एक मोठा, सावकाश सरकणारा माणूस.

पहिली बादली तात्यांच्या फेट्यावर बसली. तात्यांनी अशी गर्जना केली की झाडावरचे कावळे उडाले. पोरांना वाटलं, पावणा रंगात आलाय. दुसरी बादली माझ्या वाट्याला आली.

नांद्याला अनसाबाईंचा भाऊ शेतात राब भाजत होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून आमच्याकडे जमीन भाजून घेतात, त्यालाच राब म्हणतात. राखेनं तो काळा, चिखलानं आम्ही काळे. कुणी कुणाला ओळखेना.

"अनसा?" तो म्हणाला. "आत्ताच गेली की! नेऱ्याला, थोरलीकडं."

नेऱ्याच्या वाटेवर आणखी दोन वस्त्या लागल्या. पहिलीत तात्या ओरडले. दुसरीत ते गप्प बसले. नेऱ्याच्या वेशीवर मात्र पोरं बादली घेऊन धावली तेव्हा तात्या चालत्या सायकलवरून उडी मारून उतरले, डबक्यातला ओंजळभर चिखल उचलला आणि पोरांच्या मागे लागले. पन्नाशीचा माणूस, धोतराचा काष्टा सुटलेला, फेटा गळ्यात, आणि तोंडावर असं हसू की मी ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी खरं तर सरकारी काम करत होतो. पण कुणीतरी माझ्या मानेत मागून राख घातली आणि मग मीही सायकल टाकून धावलो. अर्धा तास पंचायतीचं कामकाज तहकूब होतं.

अनसाबाईंच्या थोरल्या बहिणीनं आम्हाला गूळपाणी दिलं. आमच्याकडे बघून तिला हसू आवरेना, म्हणून ती पदर तोंडात धरून बोलत होती. "आत्ताच गेली की, पावनं. तुमास्नी वाटंत न्हाई भेटली?"

तात्या गुळाचा खडा तोंडात घोळवत राहिले. "भाऊसाहेब," शेवटी ते म्हणाले, "ही बाई चालतीया का उडतीया?"

परत येताना सायकलचं मागचं चाक पंक्चर झालं. ते होणारच होतं. उन्हात सायकल ढकलत, वाळलेल्या चिखलानं अंग आखडलेले, आम्ही दोन वाजून गेल्यावर गावात पोचलो.

"आधी जेवू," तात्या म्हणाले. "उपाशी मानसाला बाई सापडत न्हाई."

तात्यांच्या घरी धुळवडीचं मटण शिजत होतं. त्यांच्या बायकोनं, सोनाबाईंनी, आम्हाला दारातच अडवलं. "असल्या अवतारात आत यायचं न्हाई. हितंच ओट्यावर पानी देते." आणि त्यांनी स्वतः घंगाळ भरून पुढच्या ओट्यावर आणून ठेवलं. एरवी अंघोळ परसात, आडाजवळ. तात्या भारावले. "बगा भाऊसाहेब, सरपंचाला घरात मान असतोय."

जेवायला बसलो. आतून पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज येत होता. तात्यांनी पहिला भुरका मारला आणि डोळे मिटले. "आज रस्सा येगळाच लागतोय गं! वाटन झ्याक जमलंय."

"मसाला नवा हाय," सोनाबाई म्हणाल्या आणि तात्यांच्या ताटात आणखी वाढलं. मग आणखी. मग आणखी.

जेवण झालं. तात्यांनी तिथंच भिंतीला पाठ टेकली. माझ्या सदऱ्यावरचा चिखल खरखरत होता, म्हणून तो धुवायला मी घराच्या बाजूच्या बोळातून परसातल्या आडाकडे गेलो. माझं रोजचं पाणी त्याच आडाचं, त्यामुळे पाय आपोआप वळले.

परसात चुलीपुढं बसून अनसाबाई भाकऱ्या थापत होत्या. शेजारी पाटा, पाट्यावर लाल वाटणाचा थर. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पळाल्या नाहीत, तोंड लपवलं नाही. हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, गरम भाकरी देऊ?"

खिशातला कागद मला एकदम दगडाएवढा जड झाला. माझं काम अगदी सोपं होतं. दोन पावलं पुढं जायचं, कागद द्यायचा, अंगठा घ्यायचा. उन्हं अजून वर होती. त्याच कामाचा मला पगार मिळत होता, आणि ते न करण्याबद्दल घरी पाठवता येईल एवढी माझी नोकरी कच्ची होती. मी आडाच्या कडेलाच उभा राहिलो. समोर चूल होती, तिच्यामागं कुडाच्या फटीतून शेजारचं उघडं जोतं दिसत होतं.

सोनाबाई घरातून आल्या आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. हातात पाण्याची बादली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एकदम घरच्या सुरात म्हणाल्या, "सदरा काडा बगू. चिखूल वाळला तर डाग जायाचा न्हाई."

मी सदरा काढून दिला.

"खिशात काय ऱ्हायलंय का, भाऊसाहेब?"

त्यांना ठाऊक होतं. अनसाबाईंना ठाऊक होतं. तव्यावरची भाकरी फुगली, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

सोनाबाईंनी सदरा बादलीत बुडवला आणि दगडावर घेऊन असा आपटायला सुरुवात केली की त्या सदऱ्यानं त्यांचं काही घोडं मारलं असावं. थोड्या वेळानं पाणी जांभळं झालं. तो पंचायतीचा शिक्का होता.

मी तात्यांची बंडी घालून ओट्यावर येऊन बसलो. त्या बंडीत माझ्यासारखे आणखी दोन ग्रामसेवक मावले असते. तात्या घोरत होते. मला भीती वाटायला हवी होती, आणि मला हसू येत होतं. पोटातून, आवरता न येणारं, शाळेत गुरुजींसमोर येतं तसलं हसू.

उन्हं उतरली तेव्हा तात्या दचकून उठले. "अरं! कागुद! किती वाजलं?"

"सहा वाजून गेले. कचेरीची वेळ संपली. आता दिलेला कागद उद्याच्या तारखेचा धरावा लागेल." हे मी इतक्या ठामपणे म्हणालो की मला स्वतःलाही खरं वाटलं. ते कायद्यात बसतं की नाही हे मी तेव्हा तपासलं नाही, नंतरही नाही.

"पर कागुद हाय कुटं?"

मी नकळत परसाकडे पाहिलं. तात्या उठले आणि त्या दिवसात पहिल्यांदा स्वतःच्या परसात गेले. मी मागोमाग. दोरीवर माझा सदरा वाळत होता, खिशावर जांभळा डाग. त्याच्या खाली बसून अनसाबाई पाटा धूत होत्या.

तात्यांनी सदऱ्याकडे पाहिलं, पाट्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "सकाळधरनं ही हितंच?"

"हितंच," सोनाबाई म्हणाल्या. "मीच ठिवून घेतली. मागल्या पावसात तिच्या पोरी रातभर आपल्या वळचणीला भिजत उब्या व्हत्या. तुमी गाडी भिजंल म्हनून गाडी आत घ्याया उठला व्हता. पोरी न्हाई दिसल्या तुमास्नी?"

 तात्यांच्या मिशा हलल्या. मला वाटलं, आता तो आवाज फुटणार. पण त्यांनी पाट्याकडे बोट केलं आणि अगदी हळू विचारलं, "वाटन हिचं व्हतं?"

"माजंच, भावजी," अनसाबाई म्हणाल्या.

"मी चार येळा रस्सा घेतला."

"पाच येळा."

तात्यांच्या पोटातून आधी एक गडगड आली, मग ते भिंतीला धरून हसायला लागले. हसता हसता खाली बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "नांदं पालथं घातलं... नेरं पालथं घातलं... पोरांनी चिखलानं न्हाऊ घातलं... आनि तू माज्या चुलीम्होरं!" सोनाबाईंना हसू फुटलं, मला तर केव्हाच फुटलं होतं. फक्त अनसाबाई हसल्या नाहीत. त्या तात्यांचं हसू ओसरेपर्यंत थांबल्या.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता चला. दावते."

आम्ही सगळे कुडाच्या पलीकडे जोत्यावर गेलो. अनसाबाईंनी पायानं एक रेघ ओढली. "भिंत हितनं घेनार. पागोळी हितं पडंल, माज्याच जाग्यात. आनि ह्या अंगाला तुमच्या गाडीपुरतं सोडनार."

तात्या रेघेकडे बघत राहिले. "तू वाट सोडनार व्हतीस?"

"मागितली असती तर संक्रांतीलाच सोडली असती. तुमी मागितली न्हाई, भावजी. तुमी बसून ऱ्हायला."

तात्यांनी फेटा काढला, झटकला. त्यातून नेऱ्याची राख उडाली.  दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी त्या जागेतून नेहमीसारखी गेली, पण परसात वळली नाही. ओढ्याकडे गेली आणि दगड भरून आली. पावसाआधी अनसाबाईंचं घर कौलारू होऊन उभं होतं.

मला खंत एकाच गोष्टीची आहे. अनसाबाईंचा कागद मी धुवायला दिला, त्याची मला खंत नाही. दोन महिने मी दोघांनाही कायदा समजावत हिंडलो. बाईंना वेगळा सांगितला, तात्यांना वेगळा सांगितला. पण एकदाही दोघांना त्या जोत्यावर समोरासमोर उभं करून फीत धरली नाही. ते पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. पुढं प्रत्येक गावात मी आधी तेच केलं, पुस्तक मग उघडलं.

पाऊस सरत आल्यावर पौडहून साहेब दप्तर तपासायला आले. उंच, चष्मा, कमी बोलणारे. त्यांनी ठराव वाचला, मग त्यापुढची माझी नोंद वाचली: 'नकाराचा कागद अर्जदारास मुदतीत पोहोचला नाही.' त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"का पोहोचला नाही?"

खोटं एकदा बोलून झालं होतं, तेही एका शब्दाचं. दुसऱ्यांदा जमेना. मी सगळं सांगितलं. सायकल, नेरं, मटण, बादली. साहेबांचा चेहरा जराही हलला नाही. ते उठले आणि म्हणाले, "घर दाखवा."

अनसाबाईंनी त्यांना चहा दिला. साहेबांनी स्वतः फीत धरून भिंतीपासून हद्द मोजली. तितक्यात एक सर आली. ते छत्री न उघडता बाहेर उभे राहिले आणि छपरावरून पाणी नेमकं कुठं पडतंय ते बघत राहिले. पागोळी अनसाबाईंच्याच जागेत पडत होती. पलीकडून तात्यांची गाडी पुरेशी मोकळी गेली. साहेबांनी वहीत 'बांधकाम नियमास धरून' असं लिहून सही केली.

एसटीपर्यंत मी त्यांना पोचवायला गेलो. ते पुढं चालत होते, मी मागं. मी मनात जुन्नरला परत जायची तयारी करत होतो. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून ते वळले.

"नोकरी कायम व्हायची आहे ना तुमची?"

"हो साहेब."

"मग यापुढं," ते तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "आपले सदरे आपण धूत जा."